चोवीस चमचे पांढरा

४ जून

प्रिय वन्सं,

तुम्हाला आठवतं का, माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आपण दोघी पडद्याचं कापड आणायला गेलो होतो? दुकानदाराने गठ्ठा उलगडला, मी लगेच मान डोलावली, आणि तुम्ही ते कापड उचलून सरळ बाहेर फुटपाथवर नेलंत. तो मागे धावला, "अहो बाई, माल कुठे नेताय?" तुम्ही उन्हात कापड धरून म्हणालात, "पळून नाही जात. तुमच्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं. तुम्हीसुद्धा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दुकानात हळू बोलायला शिकवलेली मुलगी मी. परतताना बसमध्ये तुमच्यापासून एक सीट सोडून बसले होते. तुम्ही निवडलेले ते पडदे अकरा वर्षं टिकले, आणि मी तुम्हाला एकदाही बरं म्हटलं नाही. आज म्हणते.

आता कामाचं लिहिते. यांना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले. उजवी बाजू तशीच आहे. शब्द परतले नाहीत. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणतात, आत किती शिल्लक आहे ते बाहेरून सांगता येत नाही. लेक म्हणते, "आई, बाबांना आता घर आणि संस्था सारखंच. तू मात्र मोडून पडशील." ती वाईट नाही हो, माझ्या पाठीच्या काळजीनेच म्हणते. रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत एक सप्टेंबरपासून जागा मिळतेय. फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय.

हे दिवसभर पलंगाशेजारच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत पडलेले असतात. पूर्वी तुमच्या लहानपणच्या खोलीचा विषय निघाला की म्हणायचे, "तो रंग पुन्हा कुठे दिसला नाही." मी ती खोली पाहिलेली नाही. ती पाहिलेल्या आणि सांगू शकणाऱ्या आता तुम्ही एकट्याच उरलात.

वन्सं, मला तो रंग यांच्यासमोर उभा करायचाय. ओळखला, तर मी सही करणार नाही. नाही ओळखला, तर लेकीचं ऐकेन. रंगाचा डबा टपालाने येत नाही, आणि फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवून देता. तेव्हा पत्रातून मला रंग मिसळायला शिकवा. शाळेत आमचं चित्रकलेचं शिक्षण म्हणजे खोड तपकिरी, पान हिरवं, आकाश निळं. तीन वर्षं तेच आकाश.

तुमची भावजय


१२ जून

मडमबाई,

पडद्यांचं बरं वाटलं. तेहतीस वर्षं उशीर झाला, पण टपालखातं त्याहून हळू आहे.

माझ्या ठेंगू भावासाठी शिकतेस, म्हणून शिकवते. नाहीतर आमच्या रंगाच्या दुकानात फुकट कुणाला काही सांगितलं की मालकाच्या कपाळाला आठ्या.

लाल, पिवळा, निळा. हे तिघे कशातून तयार होत नाहीत, बाकी सगळं यांच्यातून होतं. पिवळ्यात निळा म्हणजे हिरवा, निळ्यात लाल म्हणजे जांभळा, लालात पिवळा म्हणजे नारिंगी. हे सहा एका ताटलीच्या कडेने गोल मांड. जो ज्याच्या बरोब्बर समोर बसला तो त्याचा वैरी. हिरवा फार ओरडायला लागला तर त्यात चिमूटभर लाल टाक, गप्प बसतो. गडद करायला काळा वापरू नकोस. काळ्याने रंग गडद होत नाही, मळतो.

आता महत्त्वाचं. पांढऱ्यात रंग टाकायचा, रंगात पांढरा नाही. आणि जे काही केलंस ते सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी नेऊन, शेजारी पांढरा ठेवून बघ. ट्यूबलाइटखाली नाही. फोनमध्ये फोटो काढून तर मुळीच नाही, फोन रंगाच्या बाबतीत धडधडीत खोटं बोलतो.

सोबत सहा कार्डं आहेत. पहिलं नुसतं पांढरं. हल्ली डब्यातला पांढराच पिवळट येतो, एक थेंब निळा घालून सरळ करावा लागतो. तुझ्याकडचाही तसाच असेल. पाचवं कार्ड आमच्या खोलीचं आहे. कोवळ्या पानाला पिवळसर झाक असते ना, त्याहून कितीतरी फिकट. डोळे मिटले की दिसतं मला. चार वेळा केलं तेव्हा जमलं.

बाबांचं माप असं होतं: चोवीस चमचे पांढरा, दोन पिवळी माती, अर्धा हिरवा. पण मापावर जाऊ नकोस, कार्डावर जा. बाबा रंगारी होते, वाणी नव्हते, ते मोजायचे कमी आणि बघायचे जास्त.

पाचवं कार्ड ठेंगूला दाखव. हसेल बघ.

वन्सं


२९ जून

प्रिय वन्सं,

तुम्ही ठळक लिहिलेलं वाचूनही मी रंगात पांढरा टाकला. एक वाटी हिरवा घेतला आणि तो फिकट करायला पांढरा घालत गेले. वाटीचं भांडं झालं, भांड्याची बादली झाली, हिरवा काही उतरेना. शेवटी पांढरा संपला. शेजारच्या सुतारांना म्हटलं, "बादलीभर रंग उरलाय, हवा का?" ते म्हणाले, "वहिनी, याने आगगाडी रंगवता येईल."

पण ताटली मांडली, आणि मला वेडच लागलंय. काल भाजीवाल्याकडे वांग्यांशेजारी लिंबं बघून मी म्हणाले, "समोरासमोर बसलेत!" त्याने मला दोन पावलं मागे सरून भाजी दिली.

आता वाईट ते सांगते. पाचवं कार्ड यांना दाखवलं. त्यांनी मान पलीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. रविवारी लेक आली होती, तिच्यासमोरही तसंच. तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मला ते कार्ड दवाखान्याच्या भिंतीसारखं वाटलं. पण मी खोली पाहिलेली नाही, माझ्या वाटण्याला काय अर्थ? रंग जरासा इकडेतिकडे झाला असेल का?

तुमची भावजय


८ जुलै

मडमबाई,

रंग इकडेतिकडे झालेला नाही. तरी तुझ्या समाधानासाठी नवीन कार्ड करून पाठवते. मागचं मला जरा पिवळट वाटत होतं, हे सुधारलंय. हे अगदी तेच आहे. त्या खोलीत मी वीस वर्षं झोपले आहे.

यालाही त्याने मान वळवली, तर मग, बाई, ठेंगू विसरला असं समज. मनाला लावून घेऊ नकोस. डोक्यातली नस गेली की आधी काय जातं ते कुणाच्या हातात नसतं.

तू ओल्या रंगावर निकाल लावतेस का? भिंतीचा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की उतरतो. फळीवर लाव, रात्रभर वाळू दे, मग बघ.

इथे गिऱ्हाइकांना झालंय काय कळत नाही. या महिन्यात तिघांनी डबे परत आणले. एका शिक्षिकेने राखाडी मागितला होता. मी नमुन्याशी जुळवून दिला, तर म्हणते बैठकीची खोली जांभळट झाली. म्हटलं, तुमचा चष्मा तपासा.

वन्सं


२६ जुलै

प्रिय वन्सं,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा जसं येईल तसं लिहिते.

नवीन कार्डालाही यांनी मान वळवली. मी त्या दिवशी फॉर्म भरायला बसले. नाव, वय, आजार. 'रुग्ण नातेवाइकांना ओळखतो का', तिथे पेन थांबलं.

मग उठले आणि तुमच्या बाबांच्या मापाने रंग केला. तुम्ही मापावर जाऊ नकोस म्हणालात, पण मी आयुष्यभर वाचनालयात कार्डं लावलेली बाई, मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. चोवीस चमचे, दोन, अर्धा. वाळल्यावर तो तुमच्या कार्डाशी जुळेना. माझंच चुकलं म्हणून पुन्हा केला, मग पुन्हा केला. तिन्ही वेळा एकच रंग आला, उबदार, जरासा पिवळसर. त्यात निळ्याचा एक थेंब टाकला की तुमचं पाचवं कार्ड होतं. दोन टाकले की नवीन कार्ड. मग मी पहिलं कार्ड, नुसतं पांढरं, दहा वाजता खिडकीत कोऱ्या कागदाशेजारी ठेवलं. वन्सं, ते नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखं दिसतंय. आणि माझ्या डब्यातला पांढरा पिवळट नाही.

सगळीकडे निळाच जास्त आहे. जिला सगळं थोडं पिवळं दिसतं, ती निळा घालत जाईल. हे तुम्हीच मला शिकवलंत. माझ्या आईला मोतीबिंदू होता तेव्हा ती स्वच्छ चादरी पुन्हा धुवायला टाकायची. तुम्ही डोळे दाखवलेत का कुणाला?

आणखी एक. मापाने केलेली फळी मी वाळत ठेवली होती. यांना खुर्चीतून तिच्याजवळून नेत होते, तर यांनी डाव्या हाताने चाक धरून खुर्ची थांबवली. हात लांब करून फळीवर बोट घासलं, जोरात. मग बोट वळवून टोक बघितलं. पुन्हा घासलं, पुन्हा बघितलं. आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना फसवलंय. रंग ओला आहे का बघत असतील. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, तान्ही मुलंसुद्धा असं करतात."

पण मान वळवली नाही, वन्सं. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं.

तुमची भावजय


२ ऑगस्ट

मडमबाई,

बत्तीस वर्षं मी लोकांच्या भिंती जुळवते आहे. दोन महिन्यांच्या विद्यार्थिनीने माझे डोळे तपासू नयेत. कार्डं नको असतील तर परत पाठव.


१३ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

कार्डं परत पाठवणार नाही. मला तुमच्याकडून मिळालेली पहिलीच वस्तू आहे ती.

माझ्यावर रागवा, खुशाल रागवा. फक्त एवढं सांगा, ते बोट का घासत होते? माझ्यापाशी ते सांगणारं दुसरं कुणी नाही. लेक महिनाअखेरीच्या रविवारी फॉर्म न्यायला येतेय.

तुमची भावजय


२१ ऑगस्ट

मडमबाई,

तुझं २६ जुलैचं पत्र आलं तेव्हा मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. डोळ्यांवर आलीस तिथे घडी घालून फेकलं. तुझी चिठ्ठी आल्यावर कपाटामागून काढलं आणि काल खिडकीत बसून पुरं वाचलं. वाचलं म्हणजे, भिंगाने.

आमचा रंग चुन्यातला होता. गिऱ्हाइकाच्या घरी बाबा चुन्यात सरस घालायचे, म्हणजे रंग हाताला लागत नाही. स्वतःच्या घरी घालायचे नाहीत, उगाच कशाला वाया घालवायचा म्हणून. त्यामुळे आमची भिंत जो टेकेल त्याच्या अंगाला लागायची. ठेंगूचा पलंग भिंतीला लागून होता. रोज सकाळी तो भिंतीवर बोट घासायचा, टोकाला रंग आला की माझ्या गालाला, वहीला, वेणीला पुसायचा आणि पळायचा. आई आम्हा दोघांनाही बडवायची.

तो रंग ओला आहे का बघत नव्हता गं. बोटाला का लागत नाही ते बघत होता. तुझ्या डब्यातला रंग लागणार कसा? म्हणून तुझ्याकडे तसं पाहिलं. त्याने नुसता रंग नाही ओळखला, भिंत ओळखली.

आता माझं. मला दीड वर्षापासून कळतंय. आधी दिव्याभोवती वलय दिसायला लागलं, मग बसचा नंबर दिसेना. गिऱ्हाईक परत यायला लागलं तेव्हा मालकांनी मला झाकणं लावायच्या टेबलावर बसवलं. मी तेही तुला लिहिलं नाही. ऑपरेशनची भीती नव्हती. डोळ्यातून रंग गेला हे एकदा कबूल केलं की माझ्याजवळ सांगण्यासारखं काय उरतं, याची भीती होती.

पण ते एक वेळ जाऊ दे. माझ्या कार्डांना ठेंगूने मान वळवली तेव्हा माझ्या मनात आलं होतं, आपलं तर चुकलं नसेल? आलं होतं. आणि तरी मी लिहिलं की ठेंगू विसरला. माझा डोळा झाकायला मी माझ्या भावाचं डोकं गेलं असं लिहून दिलं, आणि त्याच्यावर तू फॉर्म भरायला बसलीस. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

रविवारच्या आत भिंत कर. जुना रंग पूर्ण खरवडून घे. पांढऱ्याच्या जागी पाण्यात विरलेला चुना गाळून घे, माप तेच. सरस घालू नकोस. दोन हात मार. भाचीला मी वेगळं पत्र टाकते आहे, ती आली की तिला भिंतीजवळ उभी कर.

वन्सं


१ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

सुतारांनी भिंत खरवडून दिली, आगगाडीची चेष्टा पुन्हा करून. चुना मी स्वतः लावला. पहिला हात वाळला तेव्हा काहीच नव्हतं, मळका पांढरा. दुसरा वाळत गेला आणि सकाळी दहाच्या सुमारास खिडकीतून ऊन आलं, तेव्हा मला कळलं की हे "पुन्हा कुठे दिसला नाही" असं का म्हणायचे.

लेक रविवारी अकराला आली. हातात तुमचं पत्र होतं आणि डोळे सुजलेले. आम्ही यांना कुशीवर वळवलं. कितीतरी वेळ यांनी काही केलं नाही. ती मला म्हणाली, "आई, जाऊ दे, नको त्रास देऊस." तेवढ्यात यांनी डावा हात काढला, भिंतीवर बोट घासलं, टोक बघितलं. आणि मग वन्सं, यांनी तिला बोटाने जवळ बोलावलं. ती वाकली, तर गालावर रंग पुसला तिच्या, आणि हात झटकन पांघरुणाखाली घेतला. पळता येत नाही ना आता.

ती खाली बसून रडायलाच लागली. नंतर गाल धुवायला तयार नव्हती, तशीच बसने गेली. फॉर्म मी तिच्यासमोर फाडला. ती म्हणाली, आता दर शनिवारी मी रात्रीला राहीन, तू तेवढं झोप. मी हो म्हटलं. मला मोडून पडायचं नाहीये.

माफीचं परत लिहू नका. तुमच्या बाबांचं माप तुम्हीच लिहून पाठवलंत. फक्त डॉक्टरांकडे जा.

तुमची भावजय


१४ सप्टेंबर

मडमबाई,

गेले होते. परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डाव्याचं महिन्याने. वीस मिनिटांचं काम आहे म्हणतात. तरी वय सदुसष्ट आहे आणि मी एकटी राहते, म्हणून लिहून ठेवते. काही इकडचं तिकडे झालं तर हे तू बघायचं. नाही झालं तरी बघायचंच, कारण दुकान मी सोडलंय.

रंग कालवायची माझी पट्टी मालकांच्या सुनेला दे. आता तीच जुळवते. हात चांगला आहे तिचा, घाई करते तेवढं सांग. नमुन्यांच्या चार वह्याही तिलाच, पण चौथीतलं शेवटचं दीड वर्ष फाडून मगच दे. त्यातलं बघून कुणी रंग केला तर गावभर दवाखाने होतील.

जांभळट बैठकीवाल्या शिक्षिकेचा पत्ता वहीच्या मागच्या पानावर आहे. तिला राखाडीचा एक डबा नवीन करून पोचवायला सुनेला सांग, आणि चिठ्ठी ठेव: चष्मा तुमचा नाही, माझा तपासायला हवा होता. बाकी दोघांनाही तसंच.

गाळायची जाळी आणि पिवळ्या मातीचा डबा तुला. चुना दर वर्षी मारावा लागतो. तो बोटं घासून घासून भिंतीला भोकं पाडेल, मी ओळखते त्याला.

बाबांच्या मापाचा मूळ कागद भाचीला. माझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे. अक्षर जाऊ लागलंय, तिने उतरवून घ्यावं.

ठेंगूसाठी वस्तू ठेवलेली नाही. त्याला एक निरोप दे. साठ वर्षांत आमची जेवढी भांडणं झाली त्यातलं एकही मी हरले असं कबूल केलेलं नाही. त्याच्या पलंगापाशी बस, तो जागा असताना, आणि मोठ्याने सांग की ताई म्हणते, तुझं बरोबर होतं, चूक तिची होती. भाची घरात असेल तेव्हा सांग. आणि एकदा सांगून थांबू नकोस, त्याला ऐकू येईपर्यंत सांग.

वन्सं